फुंकणारा माणूस

आठवीत असेन. मराठीच्या तासाला केशवसुतांची 'तुतारी' सुरू होती. सरांनी विचारलं, "तुतारी कुणी जवळून पाहिलीय?" माझा हात सगळ्यात आधी वर! "सर, आमच्या घरी आहे. खाटेखाली. बाबा वाजवतात."

मागून कुणीतरी ओरडलं, "सर, ते तुतारी नाई, हिचे बाबा बाजेवाले हायेत!" अख्खा वर्ग फिस्सकन हसला. सरही हसले. मी खाली बसले. त्यानंतर वर्गात हात वर करायला मला बरीच वर्षं लागली.

तर, मी भिवापूरची. नागपूरहून उमरेड, आणि उमरेडच्याही पुढे. तुम्ही नाव ऐकलं असेल तर ते मिरचीमुळे. भिवापुरी मिरचीला आता जीआय मानांकन आहे म्हणे, पण आमच्या लहानपणी ती फक्त आईच्या हातांची आग होती. आई सातऱ्यावर जायची. सातरा म्हणजे लाल मिरचीची देठं खुडायची जागा. आणि बाबा लगीनसराईत बँडमध्ये ट्रंपेट वाजवायचे. लाल कोट, पिवळी झालर, खांद्यावर एक बटण कायम तुटलेलं. ट्रंपेट सेकंडहँड, मेरठचा. देशभरातल्या बँडवाल्यांची वाद्यं मेरठच्या जली कोठी भागातून येतात. तिथली नादिर अली कंपनी तर 1885 सालची.

त्या दिवशी मी रडत घरी आले तेव्हा बाबा म्हणाले, "पोरी, ते अलग, हे अलग. तुतारीले बटन नाई न!"

बाबांना माहीत नव्हतं, पण एका वाक्यात त्यांनी मला हजारो वर्षांचा इतिहास सांगितला होता. तुतारी म्हणजे पितळेची वळवलेली नळी. ओठ आवळून फुंकलं की तिच्यातून ठरावीक चार-पाच सूरच निघतात. 1922 मध्ये तुतनखामेनची कबर सापडली, त्यात चांदीचा एक आणि तांब्यासारख्या धातूचा एक असे दोन ट्रंपेट होते. त्यांचीही तीच गत. सैन्यातला बिगुलही तसाच. म्हणून ही वाद्यं गाणं गायची नाहीत, हुकूम द्यायची. उठा, निघा, राजा आला, शत्रू आला. मग 1818 मध्ये जर्मनीत दोघा वादकांनी झडपेचं पेटंट घेतलं. पुढे ट्रंपेटला तीन बटणं आली. बटण दाबलं की हवेला लांबचा रस्ता लागतो आणि सूर उतरतो. तीन बटणं आणि ओठांचा ताण, एवढ्यावर सगळी सरगम! नुसतं ओरडणारं वाद्य रडायला शिकलं.

साहित्यात मात्र ती अजून हुकूमच देते. बायबलमध्ये शेवटच्या दिवशी सात देवदूत सात तुताऱ्या फुंकतात. इस्लाममध्ये कयामतची तुतारी फुंकणारा इस्राफिल आहे. आणि आपले केशवसुत! 1893 मध्ये त्यांनी झोपलेल्या समाजाला जागं करायला तुतारी मागितली. जुन्या रूढी पुरा, माणसामाणसातले भेद मोडा, असं सांगणारी कविता. तीच कविता शिकताना वर्ग बाजेवाल्याच्या पोरीला हसला. हा विनोद मला फार उशिरा कळला. 2017 मध्ये दादर-सावंतवाडी राज्यराणीचं नाव 'तुतारी एक्स्प्रेस' झालं, केशवसुतांच्या सन्मानार्थ. म्हणजे तुतारीच्या नावाने गाडी धावते, पण तुतारीवाल्याला मांडवात खुर्ची मिळत नाही. वरात दारात पोहोचली की बँडचं काम संपलं. सगळे आत, बँडवाले बाहेर. जेवण सगळ्यात शेवटी, उरलं तर.

पुण्यात नोकरी लागल्यावर मी काय केलं असेल? टीममध्ये सांगितलं, "बाबांचा मिरचीचा बिझनेस आहे." आई देठं खुडते म्हणजे बिझनेसच की!

मग एका शुक्रवारी कोरेगाव पार्कात जॅझ नाइट. स्टेजवरच्या मुलाने ट्रंपेट तोंडाला लावला आणि माझ्या अंगावर काटा आला. लगेच बटणांकडे लक्ष. तिसरं जरा अडकतंय का? शेजारचा कलीग कॉफी ढवळत म्हणाला, "क्लास आहे ना यार! नाहीतर आपल्याकडे ट्रंपेट म्हणजे ते वरातीतले बँडवाले." सगळे हसले. आणि सांगायला लाज वाटते, मीही हसले. आठवीतल्या सरांसारखी.

त्या रात्री झोप आली नाही. नेटवर वाचत बसले. लुई आर्मस्ट्राँग न्यू ऑर्लीन्सच्या गरीब वस्तीतला, लहानपणी सुधारगृहात कॉर्नेट शिकला. त्या शहरातले ब्रास बँड मिरवणुकीत वाजायचे, अंत्ययात्रेतसुद्धा. म्हणजे 'क्लास' जॅझही रस्त्यावरूनच आलंय! आणि आपल्याकडे? गोव्याच्या हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ (1916-1967), जो चिक चॉकलेट म्हणून गाजला. त्याला भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे. मुंबईच्या हॉटेलांत वाजवायचा, आपल्या सी. रामचंद्रांना साथ करायचा. 'अलबेला' (1951) मध्ये तो बँडसकट पडद्यावर दिसतो.

आठवड्याभराने आईचा फोन. "तुह्या बाबाचे पुढचे दात हालून राह्यले. डॉक्टर म्हन्ते काढा लागते."

तुम्हाला वाटेल, दातच ना? पण ट्रंपेट ओठांवर टेकतो आणि ओठ दातांवर. पुढचे दात गेले की मागचा आधारच गेला. मी शनिवारची गाडी पकडली. उमरेडच्या पुढे आमची छोटी लाईनही आता नाही. ब्रॉडगेज करायला ती 2019 मध्ये बंद केली. म्हणून नागपूरहून एसटी.

घरी पोहोचले तर बाबा ट्रंपेट पुसत बसलेले. डीजे आल्यापासून सुपाऱ्या कमी झाल्या होत्याच. मला 2024 ची लोकसभा निवडणूक आठवली. त्या वर्षी फेब्रुवारीत निवडणूक आयोगाने शरद पवारांच्या पक्षाला 'तुतारी वाजवणारा माणूस' हे चिन्ह दिलं. पण अपक्षांच्या यादीत नुसता ट्रंपेटही होता, आणि मराठीत त्याचंही नाव 'तुतारी'. केवढा गोंधळ! तेव्हा पेपरातलं ते दुसरं चित्र पाहून बाबा म्हणाले होते, "हे तं आपलं हाय! पन वाजवनारा कुठी गेला?"

खरंच, वाजवणारा कुठे गेला? मीच नव्हता का त्याला पुसून टाकला?

"बाबा, एकदा वाजवा न. मी रेकॉर्ड करते."

"आता काय वाजवू? दात हालते."

"तुम्हाला जे आवडते ते."

त्यांनी 'नीलकमल' (1968) मधलं रफीसाहेबांचं बिदाईचं गाणं घेतलं. हजारो मुलींच्या पाठवणीला वाजवलेलं. दोनदा सूर फाटला. थांबले, ओठ पुसले, पुन्हा सुरू. आई मिरचीने लाल झालेली बोटं पदरात लपवून ऐकत होती. मी मोबाईल धरून बसले होते. हात थरथरत होता, त्यामुळे व्हिडिओ हललाय.

रात्री मी त्यांना चेट बेकरची गोष्ट सांगितली. अमेरिकेतला नामी ट्रंपेटवाला. 1966 मधल्या मारहाणीनंतर त्याचे दात गेले. मग कवळी लावून तो पहिल्यापासून शिकला आणि पुन्हा स्टेजवर उभा राहिला. बाबा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "त्याची कवळी कितीची होती?"

कवळीचे पैसे मी दिले. आयुष्यातला माझा सगळ्यात वसूल खर्च!

परवा ऑफिसच्या कॅफेटेरियात लंच चालू होता. व्हॉट्सअ‍ॅपवर बाबांचा ऑडिओ आला. घाईत स्पीकरवरच लागला. आधी नुसतीच हवा. फुस्स. पुन्हा फुस्स. मग एक सूर. एकच, लांब, जरा वाकडा, बटण न दाबता काढलेला. अगदी तुतारीसारखा.

जॅझवाल्या कलीगने मान वर केली. "हे काय गं?"

आठवीनंतर पहिल्यांदा मी हात वर केल्यासारखं वाटलं.

"माझे बाबा," मी म्हटलं. "वरातीत ट्रंपेट वाजवतात. भिवापूरला."