तीन दिवसांची दिल्ली

दिल्लीला जायचे ठरले की घरोघरी यादी होते, आणि ती कुतुबमिनारासारखी उंच होत जाते. आमचे दिवस तीन, बरोबर सत्तरीची आई आणि तिचे दुखरे गुडघे! मी निर्दयपणे काटछाट केली. एकच विसरलो : लाल किल्ला सोमवारी बंद असतो. पहिली सकाळ बंद दारापाशीच संपली.

दुसऱ्या दिवशी ठरविले, कुतुबमिनार दुरून पाहू. किल्ला मात्र निवांत. दिवाण-इ-खासपाशी आई पायरीला टेकली. शाहजहानच्या या दालनाचे छत एके काळी चांदीने मढविलेले होते. १७६० साली दिल्ली घेतल्यावर फौजेच्या खर्चासाठी ती चांदी उतरवून वितळविली, ती आपल्याच सदाशिवरावभाऊंनी. पुढच्या जानेवारीत पानिपत झाले. शाळेत आम्हांला हे कुणी फारसे सांगितले नव्हते. मी जरा ओशाळूनच आईला सांगितले.

ती बराच वेळ वर पाहत राहिली. मग म्हणाली, "उपाशी शिपायांना खायला काय घालायचे रे, त्यांनी तरी?"

तालकटोऱ्याला, जिथे १७३७ साली बाजीरावाची मोगलांशी गाठ पडली, तिथे जायचे मात्र राहून गेले. तुम्ही जाल तेव्हा तेवढे यादीत घाला. आणि किल्ल्याला सोमवार देऊ नका.