शिडी घाट आणि आजीची बाटली

दौंडच्या पोराला डोंगराचं काही विचारू नये. आमच्याकडे डोंगर म्हणजे भुलेश्वरचा, आणि तिथंही देवळापर्यंत गाडी जाते! रूम पार्टनर शिरूरचा, म्हणजे तोही सपाटीवरचाच. तरी डिसेंबरात 'भीमाशंकर, शिडी घाटाने' असं ठरलं तेव्हा मेसमध्ये आम्ही दोघांनीच जास्त फुशारक्या मारल्या. आजीने घरून निघताना रिकामी बाटली हातात दिली. "भीमा तिथंच उगवती म्हणत्यात. घोटभर पाणी आण."

कर्जतपर्यंत रेल्वे. शिरूरला रेल्वेच नाही, त्यामुळे बोरघाटातल्या बोगद्यांवरच पार्टनर खूश! पुढे खांडस. गावातून वर पाहिलं आणि पोटात गोळा आला. सरळ उभी भिंत! इथून दोन वाटा. गणेश घाट लांबचा पण सोपा, शिडी घाट जवळचा पण अवघड. पहिली लोखंडी शिडी चढलो. दुसरीवर मधेच खाली बघितलं आणि हातपायच गळाले. शिडी हलत होती की मी, कोण जाणे! "खाली बघू नको, पुढची पायरी बघ," पार्टनर खालून ओरडला. त्याचाही आवाज कापत होता, हे ऐकून मला उगाच धीर आला. पाच मिनिटं तरी नुसता लटकून होतो. (मेसमध्ये सांगितलेली स्टोरी वेगळी आहे, माफ करा.)

पदरावर चहा, मग जंगलातली चढण. एक शेकरू दिसलं, फोटो काढेपर्यंत पळालं. देवळापाशी ती पोर्तुगीज घंटा पाहिली, १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यानंतरची. पण मी शोधत होतो नदी. पावसाळ्यात आमची मोटर वाहून नेणारी भीमा इथं एका कुंडात मावलेली! बाटली भरली.

गणेश घाटाने उतरताना सगळ्यांचं पाणी संपलं आणि सगळ्यांची नजर माझ्या बाटलीवर. मी दिली नाही. पार्टनर तर खांडस येईपर्यंत माझ्याशी बोलला नाही. चूक माझीच असेल, पण आजीला काय तोंड दाखवणार होतो?

आमच्या गावात भीमा येते ती पुण्याची मुळा-मुठा पोटात घेऊन. रांजणगाव सांडसला त्यांचा संगम होतो, आणि त्याच्या खाली आम्ही.

आजीने झाकण काढलं, बाटली नाकाशी नेली, आणि माझ्याकडे संशयाने बघितलं.

"ही भीमा न्हाई. हिला वासच न्हाई!"