दोन वाफे घरासाठी

काल उन्हाळ कांद्याचं रोप टाकलं. घरचंच बी, यंदाच्या उन्हाळ्यात काढलेल्या डोंगळ्यांचं. आई बांधावर उभी होती. म्हणाली, "सगळीकडे कांदाच लाव. भाजी आहेच बाजारात."

लागलं ते बोलणं. आपण कसमादेतले शेतकरी, आणि मेथीची जुडी मालेगावातून विकत आणतो! गेले तीन हंगाम मी विहिरीजवळचा तुकडासुद्धा कांद्यालाच दिला होता.

आता कांद्याचा हिशोब बघा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात रोप टाकायचं, डिसेंबर-जानेवारीत लागण, माल हाती मार्च-एप्रिलात. म्हणजे आज बी टाकताना सहा महिन्यांनंतरचा भाव डोक्यात धरायचा. २०२३ला तेच केलं. रोप लागणीला आलं, मजूर सांगून ठेवलेले, आणि ८ डिसेंबरला निर्यातबंदी. ३१ मार्चपर्यंतच, असं म्हणाले होते. मुदत संपायच्या आतच पुढच्या आदेशापर्यंत वाढवली. ४ मे २०२४ला उठवली, तीही टनाला ५५० डॉलर किमान निर्यात दर आणि ४० टक्के शुल्क ठेवून. सप्टेंबरात किमान दर काढला, शुल्क २० टक्क्यांवर आणलं. ते पूर्ण जायला १ एप्रिल २०२५ उजाडला.

शहरात कांदा महागला की लोक बोलतात. बोलणारच, त्यांच्याही ताटाचा प्रश्न आहे. माझं म्हणणं एवढंच की बंदी घालायची असेल तर सप्टेंबरात सांगा. रोप टाकायच्या आधी कळलं तर आम्ही कमी लावू, हरभरा पेरू. डिसेंबरात सांगून काय उपयोग? तोवर बी, खत, मजुरी सगळं मातीत गेलेलं असतं.

असो. विहिरीजवळचे दोन वाफे यंदा आईला दिले. तिचं नियोजन माझ्यापेक्षा पक्कं निघालं. मेथी एकदम टाकायची नाही, दर आठ-दहा दिवसांनी थोडी थोडी, म्हणजे महिन्याभरात पहिली खुडायला येते आणि पुढे खंड पडत नाही. धणे चपलेखाली रगडून दोन फाका करूनच पेरले. पालक, मुळा, कडेने लसूण. गाजराला तीन महिने लागतात, म्हणून ते पलीकडच्या टोकाला. वांग्याची रोपं शेजारच्या काकांनी दिली. थंडीत भरीत झालंच पाहिजे ना!

आज सकाळी पाणी भरायला गेलो तर मला वाफ्यात पाय ठेवू दिला नाही. म्हणे, तू तुझा कांदा बघ.

तुम्ही यंदा किती रोप टाकलं? आणि घरच्या भाजीला जागा ठेवली का? खाली लिहा.