शेजाऱ्यांचा परलोक

परलोकाचा विषय निघाला म्हणजे लहान मुलांस बाहेर खेळावयास पाठवावें, अशी आमच्या घरांतून रीत आहे. गरुडपुराण घरीं कोणी गेल्यावांचून उघडावयाचें नाहीं, आणि उघडलें तर तेराव्याच्या आंत संपवावयाचें, असा दंडक. त्यामुळें ज्या गोष्टीशीं प्रत्येकाची गांठ पडावयाचीच, तिची माहिती आम्हां सुशिक्षितांस पंचांगांतील श्राद्धतिथींपलीकडे फारशी नसते. दुसऱ्यांच्या परलोकाविषयीं तर बोलावयासच नको. ख्रिस्ती लोक मेलेल्यांस पुरतात आणि त्यांच्यांत पुनर्जन्म नाहीं, या दोन गोष्टींपाशीं आमचें ज्ञान थांबतें. पंधरा वर्षें एका ख्रिस्ती शिक्षकांच्या शेजारीं राहिल्यामुळें आम्हांस याहून थोडें अधिक पाहावयास मिळालें. तें येथें लिहीत आहों.

आम्ही चिंचवडचे. मोरया गोसावींची संजीवन समाधि येथें पवनेच्या कांठीं आहे. देहू आणि आळंदी इंद्रायणीवर, चालत गेलें तरी अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. ज्ञानेश्वरांनीं १२९६ सालीं आळंदीस समाधि घेतली; तुकोबा देहूहून सदेह वैकुंठास गेले अशी श्रद्धा. म्हणजे देह कसा ठेवावा याचे थोर नमुने आम्हांस अंगणांतच मिळालेले. अशा या मुलखांत १९५४ सालीं पिंपरीस औषधांचा सरकारी कारखाना निघाला, मागून मोटारींचे कारखाने आले, आणि पुढें चाकणच्या किल्ल्याभोवतींचीं कांद्या-बाजरीचीं रानेंहि त्यांच्याखालीं गेलीं. नगर, सोलापूर, गोवें, केरळ, तमिळनाड अशा ठिकाणांहून माणसें पोटासाठीं आलीं. त्यांत ख्रिस्ती कुटुंबेंहि आलीं, आणि आतां रविवारीं या पट्ट्यांत कोठें मराठींत, कोठें मल्याळींत, कोठें तमिळांत उपासना चालते.

आमचे शेजारी नगर जिल्ह्यांतले. त्यांस आम्ही मास्तर म्हणतों आणि ते आम्हांस शास्त्रीबुवा म्हणतात. आम्ही जुन्या अकरावीचे मॅट्रिक आणि पाठशाळेंत थोडें संस्कृत शिकलेले. तेवढ्यावर ही पदवी त्यांनींच देऊन टाकली आहे. अमेरिकन मराठी मिशननें मुंबईस १८१३ सालीं आणि नगरास १८३१ सालीं काम मांडलें. त्याच मिशनच्या शाळेंत मास्तरांचे आजोबा शिकले आणि पुढें तेथेंच शिकवूं लागले. आजोबा जन्मानें महार. हें मास्तर लपवीत नाहींत, व मुद्दाम सांगतहि नाहींत. एकदां कर्मसिद्धान्ताची चर्चा चालली असतां आम्हीं म्हटलें, "मास्तर, जगांतील विषमतेचें याहून तर्कशुद्ध उत्तर दुसऱ्या कोणत्याहि दर्शनांत नाहीं." ते कांहीं वेळ गप्प राहिले आणि मग हळूच म्हणाले, "शास्त्रीबुवा, माझ्या आजोबांना गांवच्या विहिरीवर पाणी भरूं देत नव्हते. त्यांना तुमच्या शास्त्रानें मागचा जन्म दाखविला. मिशनच्या पुस्तकानें पुढचा दाखविला. त्यांनीं कोणता घ्यावा?"

याचें उत्तर पाठशाळेंत शिकविलेलें नव्हतें.

आमच्या वाचक भगिनींनीं या ठिकाणीं पंडिता रमाबाईंची आठवण करावी. १८७८ सालीं कलकत्त्याच्या विद्वानांनीं त्यांस पंडिता आणि सरस्वती म्हणून गौरविलें; संस्कृतांत त्यांचा हात धरणारे थोडे. पुढें आपल्या आत्मनिवेदनांत त्यांनीं लिहिलें आहे, तें थोडक्यांत असें, कीं धर्मग्रंथ वाचतां वाचतां स्त्री आणि शूद्र यांच्या वांट्यास मोक्ष सरळ येत नाहीं, स्त्रीस पतिसेवेच्या पुण्यानें पुढील जन्मीं पुरुष व्हावें लागतें, असें त्यांस आढळलें. गीतेच्या नवव्या अध्यायाकडे बोट दाखवून आम्ही यावर वाद घालूं शकूं, आणि संतांनीं तर हें बंधन कधींच झुगारलें आहे. परंतु त्या काळीं घरोघर शिकविलें जात होतें तें काय, हा प्रश्न निराळा. १८८३ सालीं रमाबाईंनीं इंग्लंडांत बाप्तिस्मा घेतला. दुष्काळांतून उचलून आणलेल्या मुलींसाठीं केडगांवास त्यांनीं उभें केलेलें मुक्तिसदन आमच्याच पुणें जिल्ह्यांत आहे. १९२१ सालीं त्यांची एकुलती एक कन्या मनोरमा गेली. पुढच्याच वर्षीं, १९२२ च्या एप्रिलांत, त्याहि गेल्या. मधले महिने त्यांनीं बायबलाच्या मराठी भाषांतराच्या कामांत घालविले. ज्यांस असें दुःख ठाऊक आहे, त्यांस या महिन्यांचा अर्थ सांगावयास नको.

आतां मूळ समजूत काय तें सांगतों. जन्म एकच, मरण एकदांच, नंतर न्याय. देह मातींत निजतो, आणि शेवटच्या दिवशीं तोच मनुष्य, त्याच नांवानें आणि ओळखीनें, पुन्हां उठतो. आपण आत्मा तेवढा अमर मानतों आणि देह जुन्या वस्त्राप्रमाणें टाकून देतों. ते देहाचीहि आशा धरतात. पुरण्याची चाल यांतूनच आली. इंग्रजींत दफनभूमीस जो सेमेटरी शब्द आहे तो मूळचा ग्रीक, आणि त्याचा अर्थ निजण्याची जागा असा. तथापि पुरणें हें तत्त्व नव्हे. रोमन कॅथलिक पंथानें १९६३ सालीं दहनासहि मोकळीक दिली. हाच पंथ स्वर्ग व नरक यांच्या मधें आत्म्याच्या शुद्धीची एक अवस्था मानतो आणि मृतांसाठीं प्रार्थना करतो. २ नोव्हेंबर हा त्यांचा सर्व मृतांचा दिवस. फ्रान्सांतील क्लूनीच्या मठांत ओदिलो नांवाच्या मठाधिपतीनें इसवी सन १००० च्या सुमारास तो घालून दिला. त्या दिवशीं कबरींवर फुलें आणि मेणबत्त्या पाहिल्या म्हणजे आम्हांस सर्वपित्री अमावास्या आठवते. मास्तरांचा पंथ प्रोटेस्टंट, त्यांस हें मान्य नाहीं. मेलेल्याचा हिशेब देवापाशीं पोंचला, त्यांत आपण काय ढवळावें, असें ते म्हणतात. पिंड नाहीं, तर्पण नाहीं, सुतक नाहीं.

या समजुतीचा रोजच्या वागण्यावर परिणाम होतो काय, हें पाहण्याची आम्हांस मोठी जिज्ञासा होती. होतो, आणि बारीकसारीक गोष्टींत होतो. इमारतीच्या पाण्यावरून वरच्या मजल्यावरील गृहस्थांशीं मास्तरांचा एकदां कडाक्याचा वाद झाला. चूक निःसंशय वरच्यांची. तरी शनिवारीं रात्रीं मास्तर जिना चढून वर गेले आणि समेट करून आले. दुसऱ्या दिवशीं देवळांत प्रभुभोजन होतें आणि मनांत वैर ठेवून त्या पंक्तीस बसावयाचें नसतें. (चर्चला ते देऊळच म्हणतात.) आपल्याकडे अशा भांडणास पूर्वजन्मींचें वैर म्हणून तें जपून ठेवण्याची सोय आहे. मास्तर म्हणतात, "तुमच्याकडे मार्चात नापास झालेल्याला ऑक्टोबरची परीक्षा आहे. आमच्याकडे नाहीं. प्रश्नपत्रिका मात्र आधींच फोडलेली आहे."

ती प्रश्नपत्रिका मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायांत आहे. न्यायाच्या दिवशीं राजा विचारतो तें एवढेंच: भुकेल्यास खावयास दिलें कां, तान्हेल्यास पाणी दिलें कां, परक्यास घरांत घेतलें कां, आजाऱ्यास भेटावयास गेलां कां. मास्तरांच्या पत्नी परिचारिकेच्या कामांतून निवृत्त झाल्या, पण तो अध्याय त्यांनीं सोडला नाहीं. मागच्या चाळींत बिहारकडील पांच-सहा कामगार एका खोलींत राहत. त्यांतल्या एकास कावीळ झाली, तेव्हां तीन आठवडे बाई दोन वेळां पेज घेऊन जात होत्या. वॉन्लेस साहेबांनीं १८९४ सालीं मिरजेस रुग्णालय काढलें तेव्हांपासून, आणि त्याच्याहि आधींपासून, हें काम महाराष्ट्रांत ख्रिस्ती मुलींनीं उचललें. आपल्या घरांतून त्या काळीं परक्याची जखम धुवावयास मुलगी कोण पाठविणार होतें?

आम्हीं एकदां कोटिक्रम केला, "तुमच्याकडे तर तारण कृपेनें होतें म्हणतात, गुणांवर नाहीं. मग पेज कशासाठीं?" मास्तर हंसून म्हणाले, "बापानें फी भरली म्हणून चांगला मुलगा अभ्यास सोडतो काय?" उत्तर शिक्षकासच सुचावें असें होतें. पण फी भरली असूनहि अभ्यास सोडणारीं मुलें आम्हीं तीस वर्षें पाहिलीं आहेत, आणि मास्तरांनींहि पाहिलीं आहेत.

एका गोष्टीचें मात्र आमचें समाधान झालें नाहीं, आणि ती म्हणजे अनंत नरक. आमच्या गरुडपुराणांतील यातना वाचवत नाहींत, पण त्यांस शेवट आहे. पाप भोगून संपतें. मर्यादित आयुष्यांतील पापास अमर्याद शिक्षा, हें न्यायशास्त्राच्या कोणत्या चौकटींत बसतें? नीलकंठशास्त्री गोरे यांच्यासारखे काशीस वाढलेले चित्पावन पंडित १८४८ सालीं ख्रिस्ती झाले आणि १८६० सालीं त्यांनीं षड्दर्शनदर्पण लिहून आपल्या सहाहि दर्शनांची झडती घेतली. त्यांनीं घेतलेल्या आक्षेपांस वजन आहे, पण या प्रश्नाचें ओझें त्यानें हलकें होत नाहीं. आम्हीं मास्तरांस सरळ विचारलें, "आमचे वडील नित्य संध्या करणारे, कोणाचा पैसा न बुडविलेले. त्यांच्या कानांवर ख्रिस्ताचें नांव गेलें असेल तें शिवी म्हणूनच. ते कोठें आहेत?" १९६४ सालीं व्हॅटिकनच्या धर्मसभेनें असें ठरविलें आहे, कीं ज्यांस स्वतःच्या दोषावांचून हें शुभवर्तमान कळलें नाहीं परंतु ज्यांनीं मनोभावें देवाचा शोध केला, त्यांसहि तारण मिळूं शकतें. मास्तर त्या पंथाचे नव्हेत, म्हणून त्यांनीं त्याचा आधार घेतला नाहीं. ते म्हणाले, "न्यायाधीश मी नाहीं, ही माझ्यावर मोठीच कृपा आहे." आम्हीं तें उत्तर ठेवून घेतलें. त्यांच्या मंडळींत याहून कठोर उत्तर देणारेहि आहेत, हें आम्हांस ठाऊक आहे.

२०१६ सालीं मास्तरांचा धाकटा मुलगा गेला. चाकणकडे कामास होता. रात्रपाळी करून दुचाकीवरून येतांना पुणें-नाशिक रस्त्यावर अपघात झाला. वय सव्वीस. दफनविधीस आम्ही सहकुटुंब गेलों. पाळकांनीं पुनरुत्थानाचा उतारा वाचला, मंडळींनीं मराठी गीतें म्हटलीं, आणि प्रत्येकानें मूठभर माती टाकली. श्रद्धा असली म्हणजे दुःख होत नाहीं असें कोणी सांगत असेल तर तें खोटें. बाईंस दोघींनीं धरून आणावें लागलें. पण आम्हांस एक फरक दिसला. त्या मुलाविषयीं बोलतांना त्या घरांत अजूनहि वर्तमानकाळ चालतो. "त्याला गवारीची भाजी आवडत नाहीं," असें बाई म्हणतात. ईस्टरच्या दिवशीं पहांटे सारें घर कबरीवर जातें, आणि परत आल्यावर आमच्याकडे केक येतो.

याच बाईंनीं एके दिवशीं आमच्या कुटुंबास विचारलें, "वहिनी, तुम्हांला मुलें किती?" दोन, असें उत्तर चाळीस वर्षें ठरलेलें. त्या दिवशीं उत्तर आलें नाहीं. आमचें पहिलें अपत्य मुलगी. चौदा महिन्यांची होऊन गेली. दोन वर्षांच्या आंतील मूल पुरावें आणि त्यास उदकहि देऊं नये, असें याज्ञवल्क्यस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायाच्या आरंभींच आहे, आणि त्याप्रमाणें सर्व झालें. तिला तिथि नाहीं. महालयांत वडील वसुरूप, आजोबा रुद्ररूप, पणजोबा आदित्यरूप, अशीं सर्वांचीं नांवें-गोत्रें आम्ही स्वतः म्हणतों. त्यांत ती कोठेंच येत नाहीं. मूल इतकें निर्मळ कीं त्यास श्राद्धाची जरूरच नाहीं, असा शास्त्राचा आशय सांगतात, आणि तो दयेचाच आहे. परंतु आईस त्याचा उपयोग काय? पुनर्जन्म मानला तर ती मुलगी आतां चाळिशी उलटलेली, कोणाची तरी आई, आणि आम्हांस रस्त्यांत भेटली तरी ओळखणार नाहीं.

बाईंनीं नांव विचारलें. आमच्या कुटुंबानें सांगितलें. तें नांव आम्हीं घरांत किती वर्षांनीं ऐकिलें हें आम्हांस सांगतां येत नाहीं. बाईंनीं धर्माचें कांहींहि सांगितलें नाहीं. मुलगी कोणावर गेली होती, पहिला दांत केव्हां आला, चालूं लागली होती काय, एवढेंच विचारीत बसल्या. दोघींनीं दोनदां चहा केला. ईस्टरच्या दिवशीं पहांटे मुलासाठीं शेवंती नेतांना बाई आतां एक फूल निराळें ठेवतात. तें परत आणून आमच्या दारीं देतात, आणि आमचें कुटुंब तें देवघरांत ठेवतें. यांत सिद्धान्त कोणता, असा प्रश्न आम्हीं केला नाहीं. गेल्या चैत्रांत हळदीकुंकवास आलेल्या एका नव्या सुनेनें मुलें किती म्हणून विचारलें, तेव्हां माजघरांतून "तीन" असें उत्तर आम्हीं बाहेर ऐकिलें.

सध्यां मास्तर आणि आम्ही संध्याकाळीं फादर स्टीफन्सचें क्रिस्तपुराण वाचीत आहों. हा मूळचा इंग्रज १५७९ सालीं गोव्यास आला आणि त्यानें ओंवीबद्ध मराठींत सुमारें अकरा हजार ओंव्यांचा ग्रंथ रचला. १६१६ सालीं तो रायतूरास छापला गेला, म्हणजे तुकोबांच्या हयातींतच. त्यानें स्वर्गासाठीं वैकुंठ हाच शब्द वापरला आहे. मास्तरांस जुनी मराठी अडते आणि आम्हांस कथा अडते, त्यामुळें एका बैठकींत वीस-पंचवीस ओंव्यांपुढें जाणें होत नाहीं. पहिलें पुराण दिवाळीपर्यंत संपेल असें वाटतें. दुसरें बरेंच मोठें आहे.