नानांचा मेल

सांगली जिल्ह्यातल्या कडेगावात ताबूत वरून खाली बांधत येतात. आधी कळस, मग पाया. बांबूचे अष्टकोनी मजले, त्यांवर रंगीत कागद. मोहरमला हे उंच ताबूत खांद्यांवर निघतात नि एकमेकांना भेटतात. त्यांतले काही हिंदू घरांचे. एवढं सगळं दरसाल पेपरात येतं. आमच्या नानांचा मेल, म्हणजे मोहरमची गाणी गाणारा ताफा, मात्र कधी आला नाही.

गळ्यात तुळशीची माळ असलेला हा माणूस कर्बलाच्या लढाईची कथा गायचा. इ.स. ६८०. समोर फुरात वाहतेय आणि प्रेषितांचे नातू हुसेन यांच्या तंबूत लेकरांना घोटभर पाणी नाही. त्यांचा भाऊ अब्बास मशक भरून परत फिरतो. हात तुटतात, तो मशक दातांत धरतो, आणि बाण नेमका मशकीलाच लागतो. इथं नाना थांबायचे. हलगीही थांबायची. ओट्यावरच्या बायकांचे पदर डोळ्यांना लागलेले असायचे. हा दुष्काळी मुलूख. बहात्तरचा दुष्काळ बघितलेल्या बायका त्या. भरून आणलेलं पाणी वाटेत सांडणं म्हणजे काय, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

नानांच्या गाण्यातून हुसेन येत नसत, त्यांची तहान तेवढी यायची.

तोंडी आलेलं गाणं कसं टिकतं, याची एक गोष्ट दूर अमेरिकेतली. गुलामीत अमेरिकेच्या किनाऱ्यावर नेलेल्या आफ्रिकनांचे वंशज म्हणजे गुल्ला लोक. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला भाषाशास्त्रज्ञ लोरेन्झो टर्नर यांनी जॉर्जियातल्या हॅरिस नेकमध्ये यांतल्याच अमेलिया डॉली यांचं एक गाणं यंत्रावर टिपून घेतलं. गाणारीला अर्थ ठाऊक नव्हता. आईकडून आलेले शब्द तिनं जसेच्या तसे जपले होते. भाषा सिएरा लिओनमधली मेंदे निघाली. १९९७ साली तिची लेक मेरी मोरान सिएरा लिओनला गेली, तर तिथल्या एका गावात ते गाणं अजून येणारी बाई होती. मयताच्या विधीतलं गाणं होतं ते.

नानांच्या ओट्यापाशी कुणी यंत्र घेऊन आलं नाही. ताकारी-टेंभू सिंचन योजनांचं पाणी आलं, ऊस आला. बरंच झालं, गाण्यापायी तहान राखून ठेवा असं कोण म्हणेल? पण नाना गेले आणि मेलातल्या पोरांना आता ध्रुपद तेवढं येतं. अब्बास नदीवर पोचतो तिथवर मलाही येतं. पुढची कडवी गावात कुणा म्हाताऱ्याला येत असतील तर या मोहरमच्या आधी त्याच्याकडं जाऊन बसायला हवं.