झाडीपट्टीतल्या नटाचा हंगाम

झाडीपट्टी रंगभूमीवरच्या नटाची कारकीर्द धानाच्या पिकाशी बांधलेली असते. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया या जिल्ह्यांच्या जंगलपट्ट्यात धान कापून, चुरून घरात आले की गावाच्या हाती पैसा आणि मोकळ्या रात्री एकदमच येतात. दिवाळीनंतर मंडई म्हणजे गावाची जत्रा भरते, पुढे शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती होतात, लेकी-जावई आणि पाहुणे गावात जमतात, आणि त्या रात्री नाटक ठरलेले असते. होळीच्या आसपास हा हंगाम ओसरतो. पीक बुडाले की गाव नाटक घेत नाही आणि नटाच्या रात्री रिकाम्या जातात. एखाद्या नटाचे वर्ष वाईट गेले, तर दोष त्याच्या अभिनयाचाच असतो असे नाही, तो पावसाचाही असू शकतो.

या रंगभूमीचे मूळ दंडार, खडी गंमत अशा लोककलांमध्ये आहे. पूर्वी गावातलीच माणसे नाटक बसवत. रोवणा, म्हणजे धानाची लावणी, आटोपला की तालमी सुरू होत, पेटीमास्तर चाली शिकवी आणि स्त्रियांच्या भूमिका पुरुषच करीत. प्रेक्षकांसाठी जमीन खोदून खोलगट जागा करायची आणि निघालेल्या मातीचा रंगमंच उभारायचा, अशी पद्धत होती. पुढे व्यावसायिक मंडळे आली आणि देसाईगंज म्हणजेच वडसा हे त्यांचे केंद्र झाले. तिथे मंडळांची कार्यालये आहेत. गावोगावची माणसे येऊन नाटक ठरवतात, कलावंताला मोबदला रात्रीच्या हिशेबाने मिळतो, आणि संध्याकाळी कलावंतांना घेऊन गाड्या जंगलातल्या रस्त्यांनी निघतात. प्रयोग उशिरा सुरू होतो आणि पहाटेपर्यंत चालतो. दुसऱ्या संध्याकाळी गाव निराळे असते, कित्येकदा नाटकही निराळे.

अशी एक पूर्ण कारकीर्द परशुराम कोमाजी खुणे यांच्या रूपाने देशापुढे आली. कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे खुणे हे शेतकरी, गावाचे सरपंचही राहिलेले. 2023 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा सुमारे 800 नाटकांतल्या भूमिका आणि 5,000 प्रयोग ही त्यांच्या नावावरची नोंद होती. या आकड्यांपाशी थांबून हिशेब करण्यासारखा आहे. कारकिर्दीच्या सुमारे पाच दशकांवर ते विभागले, तर वर्षाला शंभर प्रयोग आणि पंधरा-सोळा नाटके होतात. हंगाम जेमतेम साडेचार-पाच महिन्यांचा. म्हणजे थंडीतल्या बहुतेक रात्री तोंडाला रंग आणि उरलेल्या वर्षात शेती. इतक्या नाटकांचे शब्द कोणाच्याही डोक्यात एका वेळी राहणे कठीण. म्हणून विंगेतला प्रॉम्प्टर इथे प्रयोगाचा कणा असतो. त्याचा आवाज कानात घेत, प्रेक्षकाला त्याचा पत्ता लागू न देता, वाक्य आपलेच असल्यासारखे म्हणणे ही इथल्या नटाची खरी विद्या. मोठ्या शहरांतल्या समीक्षेने तिची दखल फार कमी घेतली, हा अन्याय आहे.

खुणे यांनी राम गणेश गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’मधला तळीराम केला, आचार्य अत्र्यांच्या ‘लग्नाची बेडी’मधला गोकर्ण केला. त्यांच्या ज्या गडचिरोली जिल्ह्यात लोकांच्या आंदोलनातून 1993 मध्ये दारूबंदी लागू झाली, तिथे तळीराम हा नुसता हसवणारा दारुडा राहत नाही. समोरच्या बायांना तो घरातून ओळखीचा असतो. लोकांनी खुणे यांना विदर्भाचे दादा कोंडके म्हटले, ते विनोदी भूमिकांमुळेच. त्यांच्या दीर्घ कारकिर्दीचे एक कारणही त्यातच दिसते. नायकाला वयामुळे आवरते घ्यावे लागते. केस पांढरे झाले की तो बापाच्या, मग आजोबाच्या भूमिकेत सरकतो, नाहीतर दिग्दर्शनाकडे वळतो. विनोदी नटाला मात्र म्हातारपण अडवत नाही, आणि गंभीर नाटकातही तो झाडीबोलीत बोलू लागला की सारा मांडव त्याचा होतो.

नटाच्या हाती नसलेले उतारही आले. मे 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बैलांच्या शर्यती थांबल्या आणि शंकरपट बंद पडले. पटाच्या दिवसाला धरून होणारी नाटके आधार गमावून बसली; गावांना नाटकासाठी मंडई किंवा दुसरे निमित्त शोधावे लागले. डिसेंबर 2021 मध्ये अटींसह परवानगी मिळाली आणि मे 2023 मध्ये घटनापीठाने शर्यतींना मुभा देणारा राज्याचा कायदा वैध ठरवला, तेव्हा पटाला पुन्हा बळ आले. त्याआधी, 2020 च्या दिवाळीनंतरचा हंगाम करोनाच्या निर्बंधांत सापडला होता. नटांबरोबर वादक, पडदेवाले, ध्वनी-प्रकाशवाले, गाडीचालक अशा सगळ्यांचेच पोट त्या रात्रींवर होते. मार्च उजाडल्यावर गेलेला हंगाम भरून काढायला दुसरा काळ नसतो, कारण पावसाळ्यात प्रेक्षक बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात असतो.

या उतारांतून रंगभूमी टिकली, ती नव्या लेखनामुळेही. सिंदेवाही तालुक्यातल्या नवरगावचे सदानंद बोरकर यांच्यासारख्या लेखक-दिग्दर्शकांनी शेतकऱ्याची आत्महत्या हा विषय मंचावर आणला. नक्षलवाद, अंधश्रद्धा, हुंडा यांवरही नाटके होत राहिली. पौराणिक आणि ऐतिहासिक भूमिकांवर वाढलेल्या नटांना त्यामुळे आपल्याच शेजाऱ्याचे दुःख बोलून दाखवावे लागले. 2022 मध्ये ‘झॉलीवूड’ या चित्रपटाने हे जग राज्यभर दाखवले आणि पुढच्याच वर्षी पद्मश्री आली. पुरस्काराच्या वेळी खुणे सत्तरीला पोहोचले होते. त्यांच्यासोबत उभ्या राहिलेल्या बहुतेक नटांची नावे मात्र गावोगावच्या नाटकांच्या जाहिरातींवरच छापली गेली, आणि ते कागद हंगाम संपताच भिंतींवरून उतरतात. या जाहिराती, हस्तलिखित संहिता आणि मंडळांच्या वह्या जमवल्या गेल्या, तर या रंगभूमीवरच्या शेकडो कारकिर्दींचा इतिहास अजूनही लिहिता येईल.