पडद्याचा उजेड कुणाच्या तोंडावर?

वाचकहो, तेरखेडा हे फटाक्यांसाठी नावाजलेले गाव. तिथल्या माणसांना उजेडाचे अप्रूप ते काय सांगावे! पण फटाक्याचा उजेड क्षणाचा. मी सांगतो आहे तो उजेड पडद्यावरून मागे फिरतो आणि बसलेल्या माणसांच्या तोंडावर पडतो.

लहानपणी येरमाळ्याला येडेश्वरीच्या चैत्री यात्रेत मी तंबूतला सिनेमा पाहिला. नजर सारखी पडद्यावर. शेजारी कोण आहे याचेही भान नसे. पुढे अमित मधेशिया या छायाचित्रकाराने महाराष्ट्रातल्या जत्रांमधील अशाच फिरत्या टॉकीजमध्ये पडद्याऐवजी प्रेक्षकांचे चेहरे टिपले. त्या छायाचित्रांना २०११ साली वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेत पारितोषिक मिळाले. ती पाहून मला वाटले, आपणही हे करून पाहावे.

काही वर्षांमागची गोष्ट. मृगाच्या तोंडावर तेरखेड्यात देवळाच्या सभामंडपात चादर बांधून मी सोयाबीनच्या बीजप्रक्रियेची चित्रे प्रोजेक्टरवर दाखवली. एरवी अहवालासाठी मी फ्लॅश मारून फोटो काढी. फ्लॅश उडाला की लोक दचकत, डोळे मिटत, बाया पदर पुढे ओढत. या वेळी सर्वांना विचारून फ्लॅश बंद ठेवला. पडद्याच्या बाजूला खांबाला मोबाइल टेकवला, म्हणजे हात हलायला नको. पडद्यावर पांढरे, उजळ चित्र आले आणि माणसे पाहण्यात गुंगली, तेव्हा बटण दाबले.

घरी येऊन फोटो पाहिला. पुढच्या तीन ओळींतली पुरुषमंडळी छान उजळली होती. त्यांच्या मागे नुसता काळोख. वहीत मी चाळीस जणांची हजेरी लिहिली होती. फोटोत तोंडे दिसली पंधरा-सोळा. पडद्यापासून दूर जावे तसा उजेड झपाट्याने कमी होतो, हे खरे. पण त्या काळोखात बसल्या होत्या कोण? साऱ्या बाया!

पेरणीनंतर शिवारात एका वहिनींना विचारले. त्या म्हणाल्या, "साहेब, बियाण्याला चोळायचं काम आमचंच. पण आम्हाला पडद्याऐवजी माणसांची डोकीच दिसली. मी आधी जिवाणू चोळले, मग औषध."

वाचकहो, क्रम नेमका उलटा झाला होता. आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक आणि सर्वांत शेवटी रायझोबियम, असा तो आहे. जिवाणूंवर मागून औषध चोळले तर ते मरतात. पाकिटाचे पैसे आणि मेहनत दोन्ही वाया. चूक त्या माउलीची नव्हती, माझी होती. चाळीस माणसे जमवली म्हणून मी समाधानी होतो.

पुढच्या खेपेला चादर उंच बांधली. पडद्यासमोरची अर्धी सतरंजी बायांसाठी राखली आणि पुरुषांना शेजारी बसवले. एका आजोबांनी कुरकुर केली, पण सरकले. त्या रात्रीच्या फोटोत वहिनींचा चेहरा स्पष्ट आहे. ओठ हलताहेत, बोटांवर त्या क्रम मोजताहेत.

तुमच्या गावी असा कार्यक्रम झाला, तर एकदा पडद्याकडे पाठ करून पाहा. काम ज्यांच्या हातचे, त्यांच्या तोंडावर उजेड नसेल, तर कार्यक्रम थांबवा. आधी जागा बदला, मग पुढचे चित्र लावा.